चार डोसांची पट्टी

“चाळीस वर्षांत माझ्या हातून एक चूक झाली नाही,” हे वाक्य कंपौंडर दिवसातून एकदा तरी बोलायचे. ऐकणारा नवा असला की त्याची लवकर सुटका नसे. त्याला आधी पट्टीची गोष्ट आणि पट्टीपाठोपाठ नर्सची गोष्ट ऐकावीच लागे.

पट्टीची गोष्ट साधी होती. पूर्वी दवाखान्यात औषध बाटलीतून मिळायचं. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, कंपौंडर आतल्या खोलीत लाल-पिवळं पाणी मापून बाटली भरायचे आणि बाटलीच्या अंगावर कागदाची उभी पट्टी चिकटवायचे. कागदाची पट्टी घ्यायची, दोनदा दुमडायची, कडांना कात्रीचा एकेक चावा घ्यायचा. उलगडली की चार डोसांच्या खुणा तयार. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत एक डोस. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही चुकता येऊ नये असं ते माप. कंपौंडरांचा हात त्यात इतका बसला होता की बोलता बोलता, पेशंटच्या पोराला दटावता दटावता, खाली न बघता पट्टी तयार व्हायची.

नर्सची गोष्ट तीस वर्षांपूर्वीची. एका चार वर्षांच्या मुलीला खोकल्याचं औषध जास्त झालं आणि पोर दोन दिवस झोपून राहिली. वाचली, पण दवाखान्याच्या तोंडचं पाणी पळालं. औषध पाजणारी नर्स म्हणाली, “मी खुणेप्रमाणेच पाजलं.” कंपौंडर म्हणाले, “ज्यांना खुणा पाळता येत नाहीत त्यांनी नर्स होऊ नये.” बाटली बघावी तर ती तोवर धुऊन झाली होती. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी नर्सला घरी पाठवलं.

ही गोष्ट कंपौंडरांपेक्षा त्यांच्या बायकोने जास्त पसरवली, हे मात्र ते कुणाला सांगत नसत. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर आणि खिसे लावायची. गल्ली तिला शिवणबाईच म्हणे. त्या दिवसांत मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून तिने ती गोष्ट तिखटमीठ लावून वीस जणींना ऐकवली होती. शेवटी म्हणालीसुद्धा होती, “असल्या बाईच्या हाती मांजराचं पिल्लूही देऊ नये.” बेकरीच्या मागे राहणाऱ्या त्या नर्सच्या कानावर ते पोचलं असणारच. तेव्हापासून दोघी समोरासमोर आल्या की एकीला रस्त्यापलीकडचं दुकान फार बघण्यासारखं वाटायचं.

शिवणबाईचा नवऱ्यावर विश्वास होता. नुसता होता म्हणणं कमीच. रोज संध्याकाळी दिवे लागले की कंपौंडर तिच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवत, एक रक्तदाबाची आणि एक थायरॉइडची, आणि ती गोळ्यांकडे न बघता तोंडात टाकून वर पाणी पीत असे. कुठली कशाची, हे तिने बारा वर्षांत विचारलं नव्हतं.

घरामागची बाग मात्र तिची होती. वीस पावलं लांब, बारा पावलं रुंद. कारखान्यातून येताना ती चिंध्या आणायची आणि त्याच चिंध्यांनी टोमॅटोची रोपं काठीला बांधायची, म्हणून तिच्या वाफ्यांत कायम शाळा भरल्यासारखी वाटे: निळ्या, खाकी, पांढऱ्या गाठी. भिंतीलगत घेवड्याचा मांडव, मधे वांगी, मिरच्या, पालक, नळाजवळच्या ओलीत पुदिना आणि गवती चहा, कोपऱ्यात लिंबू, दुसऱ्या कोपऱ्यात डाळिंब. शेवटचा वाफा तिने कधीच नीट केला नाही. त्यात शेपू, कोथिंबीर, राजगिरा फुलोऱ्यावर येऊन वाळेपर्यंत उभे असत. बघणाऱ्याला वाटे, बाईला झेपत नाही. ती सांगे, “तो माझा नाहीच. तो त्यांचा.”

ते म्हणजे येणारे-जाणारे सगळे. फुलोऱ्यावरच्या माश्या, बिया टिपणाऱ्या चिमण्या, आणि खारींची एक जोडी. “निम्मी डाळिंबं फस्त करून वर मलाच दटावतात,” अशी त्यांच्याबद्दल तिची तक्रार होती. नळाखालच्या फुटक्या कुंडीत एक भला थोरला बेडूक राहायचा. उन्हं उतरली की तो बाहेर पडून एकेका वाफ्यापाशी थांबत, गोगलगायी गिळत, पूर्ण फेरी मारी. त्याला ती जमादार म्हणायची. त्या वर्षी तर शिंपी पाखराने वांग्याची दोन रुंद पानं एकमेकांना शिवून आत घरटं केलं होतं. टाके बघायला ती गुडघ्यांवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. “माझ्यापेक्षा बारीक आहे हो टाका,” तिने आत येऊन सांगितलं. मग रोज सकाळी ती कुंपणाच्या तारेवर दोऱ्याचे तुकडे ठेवू लागली. पिल्लं तीन निघाली.

किडीचं म्हणाल तर तिचा इलाज हाताचाच होता. अळ्या वेचायच्या, मावा पडला तर साबणाचं पाणी, आणि बाकीचं पाखरांवर सोडायचं. थोडं जायचं. जाऊ दे म्हणायची.

याच सुमाराला दवाखान्यातली आतली खोली बंद झाली. जुने डॉक्टर गेले, त्यांच्या मुलाला बाटल्या नको होत्या. कंपौंडरांना हार घातला, शाल दिली आणि ते घरी आले. कामाचा माणूस रिकामा घरी बसला की घराला कामाला लावतो. आठवड्याभरात स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लागली. मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ आणि खाली भरल्याची तारीख. शिवणबाई हसली, पण तिला वाईटही वाटलं. जेवण झालं की ते हात पुढे धरून बोटं नुसती चोळत बसायचे. त्या हातांना काहीतरी द्यावं, एवढ्याच दयेने एका सकाळी ती म्हणाली, “अहो, घेवड्यावर मावा फार झालाय. तुम्ही बघता का काही?”

असं तिने कशाला विचारलं, हे ती पुढे जन्मभर स्वतःला विचारणार होती.

कंपौंडर त्याच दिवशी बाजारातून पावडरीचं पाकीट घेऊन आले. कित्येक दिवसांनी त्यांनी पांढरा डगला चढवला. कपाटातली जुनी काचेची बाटली काढली, पावडर पाण्यात कालवली, गाळली, भरली, आणि तिच्याशी बोलता बोलता कागदाची पट्टी चिकटवली. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की शिवणबाईला दया दाखवल्याचं समाधान वाटलं.

“एक डोस, एक बादली,” ते म्हणाले. “नीट हलवून घे. झारीने सगळीकडे मार, पानांच्या खालूनसुद्धा.”

तिने बाटली उजेडात धरली. “चारच बादल्यांचं आहे होय हे? वास केवढा उग्र येतोय.”

“आता तू मला माप शिकवणार?”

“तसं नाही हो. पाखरं आहेत, जमादार आहे…”

“मी माणसांच्या पोरांना औषधं दिली आहेत चाळीस वर्षं. तुझ्या बेडकाला काही होत नाही.”

तिने चार बादल्या केल्या, चार डोस ओतले आणि ऊन उतरायच्या सुमाराला पूर्ण बाग शिंपली. पानांच्या खालूनसुद्धा.

सकाळी बाग उभीच्या उभी करपली होती. घेवड्याची पानं तपकिरी होऊन मांडवावर चिकटली होती, मिरच्यांचे शेंडे माना टाकून लोंबत होते. हे तिने बघितलं आणि न थांबता नळापाशी गेली. जमादार कुंडीच्या तोंडाशी उताणा पडला होता, पांढरं पोट वर. मग ती वांग्यांकडे वळली. शिवलेली पानं वाळून चुरगळली होती, टाके मात्र घट्ट होते. आत तीन पिल्लं, चोची उघड्या. आईबाप कुंपणावर बसून ओरडत होते आणि त्यांतल्या एकाच्या चोचीत अळी तशीच होती.

तिने नवऱ्याला हाक मारली तेव्हा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही.

कंपौंडर धावत आले. त्यांनी बाग बघितली, मग ओट्यावरची रिकामी बाटली उचलली. बाटली त्यांनी डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ तशीच धरली. “तपासतो,” असं पुटपुटून ते बाटली घेऊन मोरीत गेले. बाहेर आले तेव्हा ती धुतलेली, स्वच्छ, पालथी त्यांच्या हातात होती.

“विषारी बाटली तशीच ठेवू नये,” ते म्हणाले. मग बागेकडे बघत, तिच्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, “किती बादल्या केल्यास?”

“चार.”

“वीस बादल्यांचं औषध तू चार बादल्यांत संपवलंस?”

“मी खुणेप्रमाणेच ओतलं,” शिवणबाई म्हणाली.

हे वाक्य तिचं नव्हतं. तिने ते कुठेतरी ऐकलं होतं, वीस जणींना ऐकवलं होतं, आणि वर हसलीही होती.

दुपारी मोरीत पाणी तुंबलं. तिने जाळी उचलली तर खाली साबणाच्या फेसात कागदाचा लगदा होऊ घातलेली एक पट्टी अडकली होती. तिने ती अलगद सोडवली, फडक्यावर पसरली. तीस वर्षं ज्या बाईने कापडाच्या घड्या मोजल्या तिला घडी कळायला चष्मा लागत नाही. पट्टी दोनदा दुमडलेली होती. दोनदा दुमडली की चारच भाग होतात, वीस नाही होत. हाताने सवयीने केलं होतं, जसं चाळीस वर्षं केलं तसं. मग कचऱ्याच्या डब्यातून तिने पाकीट काढून वाचलं: एका पाकिटास वीस बादल्या पाणी.

चूक झाली, एवढंच असतं तर ती रडली असती आणि तिने माफ केलं असतं. माणूस आहे, वय आहे, हात आहे. पण पट्टी जाळीखाली आपण होऊन गेली नव्हती. ती कुणीतरी भिजवून, नखाने खरवडून काढली होती. कडेला नखाचे ओरखडे तसेच होते.

तिने पट्टी वाळवली आणि बटणांच्या डब्यात ठेवली. संध्याकाळी कंपौंडर पेपर वाचत होते तेव्हा ती समोर जाऊन बसली.

“अहो, पट्टी किती डोसांची होती?”

“वीस,” कंपौंडर म्हणाले. डोळ्याची पापणी लवली नाही. पेपरचं पान उलटलं.

तिने थोडा वेळ वाट बघितली. मग दिवे लागले, ते उठले, तिच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या, आणि तिने त्या सवयीने गिळल्या. पाणी घशाखाली उतरल्यावर तिला भीती वाटली.

लेक दोन दिवसांनी आली. बाबांनी फोनवर सगळं सांगितलं होतं. गल्लीलाही सांगून झालं होतं. भाजीवाल्यानेसुद्धा शिवणबाईला “बाटल्यांना हात लावू नका हं मावशी” म्हणून हसत हसत सल्ला दिला होता. लेकीने बाग बघून हळहळ केली आणि जेवताना आईच्या हातावर हात ठेवला.

“आई, चिडू नकोस, पण तुझे डोळे एकदा तपासून घेऊ या. उद्या गॅसचं काही झालं म्हणजे? आणि ते औषधबिषध तू बाबांवरच सोडत जा ना. त्यांची कधी चूक झालीये का?”

शिवणबाईने नवऱ्याकडे बघितलं. त्यांना आता बोलता आलं असतं. लेक त्यांची, घर त्यांचं, ऐकणारं परकं कुणी नव्हतं. तिने मनातल्या मनात अगदी याचना केली: बोला हो. मी काही म्हणणार नाही.

कंपौंडरांनी घास गिळला. आवाज अगदी मायेचा काढला. “जाऊ दे गं. तिला बोलू नकोस. वय झालंय तिचं. होतं असं.”

माफी तिच्या पदरात टाकून त्यांनी आमटी मागितली. शिवणबाईने वाढली.

बटणांचा डबा दोन हातांवर होता. तिने तो उघडला नाही. दाखवलं तर ते म्हणतील, ही पट्टी दुसऱ्याच बाटलीची. आणि लेक मान डोलावेल. तीस वर्षांपूर्वी आपणही डोलावली होतीच की. त्या नर्सच्या हाती तर पट्टीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी लेक गेल्यावर ती बेकरीच्या मागे गेली. नर्स आता म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन देखभाल करायची. दारात तिच्या चपला धुऊन उन्हात ठेवल्या होत्या. दार तिनेच उघडलं. आत या म्हणाली नाही.

शिवणबाईने पट्टी पुढे केली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नर्सने पट्टी हातात घेतली, घडीवरून अंगठा फिरवला.

“त्या दिवशी मी दवाखान्याची मोरी, कचरा, सगळं धुंडाळलं होतं,” नर्स म्हणाली. “मला सापडली नाही. तुमच्या घरची जाळी बारीक दिसते.”

“माझं चुकलं,” शिवणबाई म्हणाली. “तेव्हा मी…”

“तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात माझ्याबद्दल? आठवतं?”

“आठवतं.”

“म्हणा बघू.”

शिवणबाईने मान खाली घातली. नर्स वाट बघत होती.

“असल्या बाईच्या हाती… मांजराचं पिल्लूही देऊ नये.”

“हं. शब्द बरोबर आहेत.” नर्सने पट्टी परत दिली. “चार वर्षं मला कुणी काम दिलं नाही. माझ्या आईने मरेपर्यंत माझ्या हातून औषध घेतलं नाही. पोटची मुलगी नर्स, आणि म्हातारी शेजारणीला हाक मारायची. आता तुम्ही ही पट्टी आणलीत. तुमची वांगी जळली म्हणून आणलीत. एरवी आणली असतीत का?”

शिवणबाईला खोटं बोलता आलं असतं. “नसती,” ती म्हणाली.

“एवढं तरी खरं बोललात,” असं म्हणून नर्सने दार लावलं. जोरात नाही, रोज लावतात तसंच.

घरी येईपर्यंत उन्हं उतरली होती. ती बागेत गेली. जमादाराच्या फेरीची वेळ झाली होती आणि वाफ्यांवरून गोगलगायी बिनधास्त चालल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच भिंतीपलीकडून नव्याने आलेल्या असाव्यात. कुंपणाच्या तारेवर दोऱ्याचे तुकडे तसेच होते, कुणी नेले नव्हते. तिने ते गोळा केले आणि पट्टीसोबत बटणांच्या डब्यात ठेवले.

दिवे लागले. कंपौंडर नेहमीप्रमाणे आले. हातात पाण्याचं भांडं, दुसऱ्या मुठीत गोळ्या. तिने तळहात पुढे केला, त्यांनी दोन गोळ्या ठेवल्या.

तिने तोंडात टाकल्या नाहीत. ती दिव्याखाली गेली, शिवणाचा चष्मा लावला आणि गोळ्या उलटसुलट करून बघितल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल.

“काय बघतेस?” कंपौंडरांनी विचारलं.

“पाकिटं कुठं आहेत?”

“पाकिटं कशाला?”

“वाचते. कुठली कशाची ते. आणि उद्यापासून पाकिटातूनच काढून द्या, माझ्यासमोर.”

कंपौंडर जागचे हलले नाहीत. त्यांचा आवाज लहान मुलासारखा बारीक झाला.

“बारा वर्षं देतोय मी तुला. माझ्यावर विश्वास नाही तुझा?”

शिवणबाईने बटणांचा डबा उघडला, वाळलेली पट्टी काढून दिव्याखाली त्यांच्यासमोर ठेवली, दोन्ही घड्या दिसतील अशी. मग ती मायेने, अगदी त्यांच्याच सुरात म्हणाली,

“जाऊ दे. वय झालंय तुमचं. होतं असं.”